शेरा : ‘डोअर लॉक्ड’

दुबईला होते म्हटलं की लोक आधी माझ्या बांगड्यांकडे बघतात. दोनच आहेत, त्याही लग्नातल्या. मग विचारतात, ‘तिकडे टॅक्स नाही ना हो?’ पगारावर नव्हता, खरं आहे. म्हणून आम्ही सगळे तिकडे गेलो आणि जे वाचलं ते घरभाड्यात घातलं. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, ‘तिकडचं काहीतरी रंगतदार लिहा, वाळवंट, शेख, सोनं.’ अहो बाई, मी सोळा वर्षं एका काचेमागे बसले. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून फॉर्म आत यायचे आणि माणसांची बोटं. त्या भोकातून शेख कधी आला नाही. आले ते सगळे आपल्यासारखेच, घामेजलेले, फाइल छातीशी धरलेले.

अल कुसैस हा दुबईचा अगदी कडेचा भाग. त्याच्या पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे थोडी मोकळी वाळू, आणि वाळूपलीकडे शारजाह. शारजाह म्हणजे वेगळी अमिरात, वेगळी पालिका, वेगळे नियम, आणि मुख्य म्हणजे भाडं जवळजवळ निम्मं. आमची शाळा त्या रस्त्याच्या अलीकडे होती. भारतीय अभ्यासक्रम, दोन पाळ्या, एका वर्गात चाळीसच्या वर मुलं. मी ऑफिसात. एक्क्याण्णव साली लागले तेव्हा क्लार्क, निघाले तेव्हा ‘अॅडमिशन इन-चार्ज’. पगार वाढला थोडा, खुर्चीला हात आले, भोक तेच.

आता कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडे घराला घरपट्टी असते. तिथे आम्हा परदेशी लोकांना घर विकत घेता येत नसे, सगळे भाडेकरू. पण पालिका भाडेकरूकडूनही वर्षाच्या भाड्यावर फी घ्यायची, आणि ती लाइट-पाण्याच्या बिलातून यायची. म्हणजे घरपट्टीच, फक्त मालकाऐवजी आम्ही भरायची. आमच्या शाळेला जागा सरकारने फुकट दिलेली होती. शाळेच्या मंडळाने तेव्हा ठरवलं, की जागेचं भाडं वाचतंय तर त्याचा फायदा भोवतालच्या वस्तीला द्यायचा. जो आसपासच्या चार वस्त्यांत राहतो आणि पालिकेची ती फी भरतो, त्याच्या मुलाला प्रवेशात पहिला नंबर आणि शाळेच्या फीत सूट. बिल दाखवा, सूट घ्या. मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा किती छान वाटला होता! सरकारने शाळेला दिलं, शाळेने घरांना दिलं. सरळ हिशोब.

सरळ असतं ते फक्त कागदावर.

पहिली गोष्ट म्हणजे निम्मी कुटुंबं ‘शेअरिंग’मध्ये. दोन बेडरूमचा फ्लॅट, एकेका खोलीत एक कुटुंब, स्वयंपाकघर वाटून, गॅसवर नंबर लावून. करारपत्र एकाच्या नावावर, बिलही त्याच्याच. दुसरा माणूस भाडं भरतो पण कागदावर तो कुठेच नाही. मग एकाच बिलाच्या तीन-तीन झेरॉक्स माझ्याकडे यायच्या, वरचं नाव व्हाइटनरने पुसून. मी काचेवर बिल आडवं धरायचे आणि म्हणायचे, ‘भाईसाब, ये बिल पिछले हफ्ते भी आया था. तब इसका नाम फर्नांडिस था.’ माणूस ओशाळून हसायचा. मीही हसायचे. पहिली काही वर्षं हसू यायचं.

म्हणून मंडळाने घरभेटी सुरू केल्या. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी शाळा अर्धा दिवस असायची. मुलं घरी पोहोचली, की शाळेची व्हॅन, ड्रायव्हर बशीरभाई आणि मी, असे निघायचो. न सांगता. फॉर्मवरच्या पत्त्यावर जाऊन बघायचं, मूल खरंच तिथे राहतं का. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात ‘रिसाइड्स’ लिहिलं की सूट चालू. ‘डज नॉट रिसाइड’ लिहिलं की सूट बंद, आणि खोटा पत्ता दिला म्हणून मुलाची शाळेतली जागाही गेली. आणि तिसरा शेरा होता, ‘डोअर लॉक्ड’. दार बंद होतं, कोणी भेटलं नाही. त्याला नियमात काही उत्तरच नव्हतं. पुढच्या वर्षी परत जायचं, तोवर मूल आहे तिथे.

बशीरभाई पेशावरकडचे, साठीला आलेले, दाढीला मेंदी. वीस वर्षं तिथे काढलेली, घरी कधी गेले होते ते त्यांनाच आठवत नसे. गाडी चालवताना फार बोलायचे नाहीत. मी बावळटासारखं काही विचारलं की ‘इन्शाल्ला’ म्हणायचे, आणि मला आवरायला उशीर झाला की ‘यल्ला, मॅडम’.

या भेटींत मी चांगली तयार झाले, सांगते तुम्हाला. घरच्यांचं बोलणं ऐकायचंच नाही. बाथरूममधले ब्रश मोजायचे. दाराशी चपला किती आणि केवढ्या, ते बघायचं. फ्रिजवर टाइमटेबल आहे का, आणि ते या वर्षीचं आहे का. वाळत घातलेल्या कपड्यांत युनिफॉर्म आहे का. एका सद्गृहस्थांनी आम्ही येणार याचा वास लागून दारावर नावाची पाटी लावली होती. मी बेल वाजवताना हाताला रंग लागला. एका बाईंनी मुलगा म्हणून शेजारचाच मुलगा उभा केला, आणि तो बिचारा मला बघून म्हणाला, ‘गुड आफ्टरनून मॅम, आय अॅम इन सेकंड बी, बट दिस इज नॉट माय हाउस.’ त्या बाईंचं तोंड आजही डोळ्यांसमोर आहे. ‘चुप कर!’ म्हणता येईना आणि हसताही येईना.

आणि एक होते, लांबलचक गाडीवाले. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत आले होते, उन्हात, कपाळ पुसत. मला वाटलं काय लपवतायत! काही नाही. तीन बेडरूमचा फ्लॅट, करार स्वतःच्या नावावर, बिल स्वतःच्या नावावर, बाथरूममध्ये ब्रश बरोबर पाच. नियमात पगार विचारायचा नव्हताच. मी ‘रिसाइड्स’ लिहिलं. त्यांना सूट मिळाली. बाईंनी मला काजूकतली दिली, ती बशीरभाईंनी खाल्ली.

हे सगळं सांगायचं कारण, की मला त्या रजिस्टरचा फार अभिमान होता. खाडाखोड नाही. अक्षर माझं शाळेपासून चांगलं. माझ्या रजिस्टरवर कोणी बोट ठेवू शकत नाही, असं मी ऑफिसात सांगायचे. किती वेळा सांगायचे, देव जाणे.

मोहन गुरव हे चिपळूणकडचे. एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. बारीक अंगाचे, शर्टाची वरची गुंडीही लावणारे. मी मराठी आहे हे कळल्यावर काचेपलीकडून ‘ताई’ म्हणायला लागले. मुलगी प्राची, केजीपासून आमच्याच शाळेत. हुशार म्हणजे किती हुशार, दर वर्षी बक्षीस समारंभात तिचं नाव पुकारून पुकारून उपमुख्याध्यापक कंटाळायचे. बायको मंगल. ती शाळेच्या स्नेहसंमेलनाला पन्नास मुलींना नऊवारी नेसवायची, एकटी. पिना तोंडात धरून.

प्राची नववीत गेली त्या वर्षी मंडळात नवे सेक्रेटरी आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत माझं रजिस्टर चाळलं आणि डोअर लॉक्डचे शेरे मोजले. ‘मिसेस वर्तक, यू गो फॉर व्हिजिट ऑर फॉर टी?’ सगळे हसले. माझे कान तापले. नऊ वर्षांत माझ्या रजिस्टरला कोणी हसलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी येऊन यांना म्हटलं, ‘आता दाखवते एकेकाला.’ हे पेपर वाचत होते. म्हणाले, ‘कोणाला दाखवतेस? सेक्रेटरीला की पालकांना?’

त्याच्या पुढच्याच गुरुवारी यादीत गुरवांचं नाव होतं. पत्ता अल कुसैसचा, तिसरा मजला. दार एका गोवेकर बाईंनी उघडलं. म्हणाल्या, गुरव फॅमिली शेअरिंगमध्ये आहे, आत्ता बाजारात गेलीत. मी म्हटलं, त्यांची खोली दाखवा. दाखवली. पलंग, टेबल, टेबलावर पुस्तकं नीट रचलेली. कव्हरं घातलेली, नाव प्राचीचं. मी एक उघडलं. आठवीचं. दुसरं उघडलं. आठवीचं. मी बशीरभाईंकडे बघितलं, ते छताकडे बघत होते.

गोवेकर बाई आत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलल्या. दहा मिनिटांत मंगल धापा टाकत आली. हाताला कणीक, ओढणी उलटी, चपलांत वाळू. रस्ता ओलांडून, वाळू तुडवून पळत आली होती. मला वाटलं आता रडेल, हातापाया पडेल, काहीतरी गोष्ट सांगेल. ती म्हणाली, ‘ताई, आम्ही पलीकडे राहतो. दोन वर्षं झाली. चला, घर बघा आमचं.’

मी जायला नको होतं. माझं काम तिथेच संपलं होतं. पण ती इतक्या साधेपणाने म्हणाली, जशी हळदीकुंकवाला बोलावतेय.

आम्ही तिघंही वाळूतून चालत गेलो. सात मिनिटं लागली, घड्याळ बघितलं होतं मी, सवयीने. शारजाहच्या बाजूची जुनी इमारत, दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. पण स्वतःचं, वाटून घेतलेलं नाही. गॅसवर नंबर नाही. फ्रिजवर नववीचं टाइमटेबल. दाराशी चपला तीन जोड. बाथरूममध्ये ब्रश तीन. सगळं जागच्या जागी, फक्त चुकीच्या अमिरातीत. शारजाहच्या घराला आमच्या पालिकेची फी नाही, म्हणून बिल नाही, म्हणून सूट नाही. आणि गंमत बघा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या शाळेचं मैदान दिसत होतं. प्राची मधल्या सुट्टीत कुठे उभी राहते तेही दिसायचं म्हणे. माझ्या अख्ख्या यादीत शाळेला एवढं जवळचं घर दुसरं नव्हतं. दुबईत चार मैलांवरून बसने येणारी मुलं ‘भोवतालच्या वस्तीतली’ होती, आणि ही सात मिनिटांवरची परकी.

मंगलने चहा टाकला. आलं किसून. बशीरभाईंना वेगळा, जास्त साखरेचा, न विचारता. म्हणाली, ‘आधी करामाला शेअरिंगमध्ये होतो ताई, मग तिकडे अल कुसैसला. तेव्हा तिथे दुसऱ्या कुटुंबातला माणूस प्यायचा, या गोवेकर बाई नंतर आल्या. प्राची मोठी होत होती. एकदा बाथरूमची कडी मोडलेली, आणि तो... मी यांना म्हटलं, भाकरी एक वेळ खाऊ, पण स्वतःचं दार पाहिजे. दुबईत परवडेना. इथे वर्षाला बारा हजार दिरहममध्ये मिळालं, म्हणजे आपले दीड लाख. पत्ता बदलला असता तर सूट जाते, आणि पूर्ण फी झेपत नाही, म्हणजे शाळाच जाते. म्हणून नाही बदलला.’ एवढं बोलून तिने बशा पुढे केल्या.

नववीचं एक सांगायला हवं. दहावीच्या परीक्षेसाठी मुलाचं नाव बोर्डाकडे नववीतच जातं. ते एकदा गेलं, की मधेच दुसरी शाळा घेत नाही. नववीतल्या मुलाला आमच्या शाळेतून काढलं, तर सबंध देशात त्याला कोणी दारात उभं करत नसे. मग एकच वाट, विमानाची. आई आणि मूल गावी, बाप इथे बेडस्पेसमध्ये, एका खोलीत आठ माणसांत एक पलंग भाड्याने घेऊन. मला हे सगळं पाठ होतं. मीच तर काचेतून पालकांना समजावून सांगायचे.

तेवढ्यात आतून प्राची आली. केस धुतलेले, टॉवेल गुंडाळलेला. आईशी मराठीत भांडणारी पोरगी, पण माझ्याशी शाळेच्या इंग्रजीत बोलली. ‘आंटी, आर यू गोइंग टू कॅन्सल अस?’

मी काय म्हणाले असेन? ‘लेट अस सी, बेटा.’ असं म्हणाले. आम्ही ऑफिसातले लोक असंच म्हणतो. आणि कप खाली ठेवला. चहा सगळा संपवला होता.

परत गाडीत बसल्यावर बशीरभाईंनी गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, ‘मॅडम, दरवाजा बंद था, लिख दो. खलास.’

मी म्हटलं, ‘दरवाजा खुला था, बशीरभाई.’

‘हमारे लिए खुला था. इसीलिए बोल रहा हूँ, बंद लिख दो. एक साल में बच्ची का नाम बोर्ड में पक्का हो जाएगा. फिर आपका सेक्रेटरी भी कुछ नहीं कर सकता.’

त्यांना नियम माझ्याइतकाच कळला होता, गाडी चालवता चालवता. मला राग आला. ड्रायव्हरने मला रजिस्टर कसं भरायचं ते सांगावं? म्हटलं, ‘मैं झूठ नहीं लिखती.’ त्यांनी समोर बघितलं. गाडी सुरू केली.

खरं सांगते, त्या वेळी मला प्राची दिसत नव्हती. मला बैठकीतलं ते हसणं ऐकू येत होतं. मी ऑफिसात जाऊन रजिस्टर उघडलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात मावेना म्हणून खाली समासापर्यंत लिहिलं. तीन ओळी. दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, दोन वर्षांपासून शारजाहमध्ये राहतात, आईने स्वतः कबूल केले. इंग्रजी शुद्ध, अक्षर मोत्यासारखं. सेक्रेटरींनी त्यावर लाल शाईने ‘गुड’ लिहिलं. मला बरं वाटलं होतं हो! तो ‘गुड’ बघून मला चक्क बरं वाटलं होतं. हे लिहिताना आज माझा हात थांबतो, पण लिहिते.

दोन आठवड्यांनी गुरव शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. काचेसमोर उभे राहिले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मी दाखला तयारच ठेवला होता. म्हणाले, ‘सही कुठे करू, ताई?’ मी बोट दाखवलं. त्यांनी सही केली. मग कागद घडी करता करता म्हणाले, ‘तुमचं काही चुकलं नाही. नियम आहे.’ मी तोंड उघडणार तेवढ्यात पुढे म्हणाले, ‘मंगल फक्त एवढंच म्हणते, लिहायचंच होतं तर ताईंनी आमचा चहा प्यायला नको होता.’ आवाज चढवला नाही. मागच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला, आणि मी तो घेतला.

मंगल आणि प्राची मार्चमध्ये चिपळूणला गेल्या. पोरीने तिकडे दहावी केली, पण एक वर्ष गेलं, असं कोणाकडून तरी कळलं. मराठी माध्यमात बसवली म्हणे आधी, मग कुठे इंग्रजी तुकडी मिळाली. गुरव पुढे बरीच वर्षं अल कुसैसच्या बाजारात दिसायचे, एकटे, पिशवीत दोन टोमॅटो आणि खबूस रोट्यांचं पाकीट घेऊन. मला बघून मान हलवायचे. मी रस्ता बदलायचे. एकदा बदलता आला नाही, भाजीच्या रांगेत मागेपुढेच आलो. विचारलं, ‘प्राची कशी आहे?’ म्हणाले, ‘बरी आहे. फोनवर आता मराठीतच बोलते.’ मला कळेना हे चांगलं सांगतायत की वाईट. रांग पुढे सरकली.

आता माझं ऐका.

चारेक वर्षांनी दुबईत भाडी अशी वाढली, की लोकांनी हात टेकले. यांच्या कंपनीने घरभत्ता होता तिथेच ठेवला, आणि आमच्या मालकाने नव्या करारात भाडं दीडपट केलं. आम्ही घरं बघत फिरलो, संध्याकाळी, शुक्रवारी, रोज. शेवटी जे परवडलं ते रस्त्यापलीकडे. शारजाहला. गुरव राहायचे त्या इमारतीच्या मागची गल्ली. सामान ट्रकमध्ये चढवताना आम्ही फक्त खोकी मोजली. दोघांनाही माहीत होतं.

आमचा निनाद त्या वर्षी नववीत होता. आमच्याच शाळेत.

कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही नियम तोच होता, पत्ता चार वस्त्यांतलाच हवा, नाहीतर पूर्ण फी, आणि ती आम्हाला आता झेपणारी नव्हती. निनादचा फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यापाशी मी किती वेळ बसले, ते सांगता येणार नाही. हे म्हणाले, ‘काय करायचं?’ म्हटलं, ‘काय करणार!’ आणि जुना पत्ता लिहिला, घर सोडण्याआधीचं बिल जोडलं. त्याच अक्षरात. निनादने मागून वाचलं आणि म्हणाला, ‘बट आई, वी डोन्ट लिव्ह देअर.’ मी त्याला दूध प्यायला पाठवलं.

तेव्हा घरभेटींचं काम माझ्याकडे नव्हतं. माझे गुडघे गेले होते, शिवाय मी इन-चार्ज झाले होते. भेटींना रेश्मा जायची, नवी मुलगी, कामाला चोख. मी शिकवलेली. ब्रश मोजायचे, चपला बघायच्या, टाइमटेबल कोणत्या वर्षीचं आहे ते बघायचं, सगळं मीच शिकवलेलं. माझ्या हाताने. आणि रजिस्टर महिन्याअखेर माझ्याकडे यायचं, इन-चार्ज म्हणून खाली सही करायला. निनादचं नाव यादीत आहे हे मला दिसत होतं. मी कोणाला काही सांगू शकत नव्हते, आणि गप्पही बसवत नव्हतं. तीन गुरुवार मी घरात बेल वाजली की दचकत होते. सेक्रेटरी अजून तेच होते. मुलगा नववीत, आई ऑफिसात, आणि पत्ता खोटा. निनादची शाळा गेली असती आणि माझी नोकरी गेली असती, एका ओळीत.

चौथ्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं, तर बशीरभाई. एकटे. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. आमचा मजला चौथा आणि लिफ्ट बंद, एवढे जिने ते चढून आले होते. म्हटलं, ‘रेश्मा?’

‘घर छोड़ के आया उसको,’ ते म्हणाले. ‘उसका आठवाँ महीना है, सीढ़ियाँ नहीं चढ़ती. दोपहर में उधर आपके पुराने मकान पे मैं ही ऊपर गया था. वो गाड़ी में बैठी थी.’

जुन्या घरात आता दुसरं कुटुंब राहत होतं. त्यांनी दार उघडलं असणार. वर्तक इथे राहत नाहीत, असं सांगितलं असणार, आणि नवा पत्ताही दिला असणार. मी दाराच्या चौकटीला धरलं.

‘मॅडम,’ बशीरभाई म्हणाले, ‘आपका दरवाजा बंद था. मैंने रेश्मा को वही बोला, उसने वही लिखा. अगले साल तक बंद है. बस यही बताने आया.’

मी तिथे उघड्या दारात उभी होते. मागे निनाद टेबलाशी अभ्यास करत होता, फ्रिजवर त्याचं टाइमटेबल होतं, दाराशी चपला होत्या तीन जोड. ते सगळं त्यांना दिसत होतं. त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिले.

आपल्याला जे सुचतं तेच सुचलं. म्हटलं, ‘बशीरभाई, अंदर आइए. चाय बनाती हूँ.’

त्यांनी मान हलवली. ‘नहीं मॅडम. चाय तो हमने उनके यहाँ भी पी थी.’

आणि जिना उतरायला लागले, हळूहळू, कठडा धरून. मला वाटलं काही टोचून बोलतील. नाही. ते तेवढंच बोलले होते, आणि तेही सरळ आवाजात, जसं गाडी कुठे लावली ते सांगावं तसं.

महिन्याअखेर रजिस्टर माझ्या टेबलावर आलं. निनाद वर्तक, नववी ‘अ’, जुना पत्ता, आणि शेऱ्याच्या रकान्यात रेश्माच्या बारीक अक्षरात ‘डोअर लॉक्ड’. दोन शब्द. रकान्यात आरामात मावले होते, समासापर्यंत जावं लागलं नव्हतं. मी जुनं रजिस्टर कपाटातून काढलं. प्राचीच्या नावासमोरच्या माझ्या तीन ओळी परत वाचल्या, आणि त्यावरचा लाल ‘गुड’. एकही शब्द खोटा नव्हता.

ते बंद करून कपाटात ठेवलं. मग नवं रजिस्टर पुढे ओढलं, आणि खाली सही केली.